मॉडेलवर किती भरवसा ठेवायचा? आधी सांगा, निर्णय किती तास आधी घ्यायचाय

प्रश्न ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडहून आलाय, थोडक्यात असा: "२०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा चार दिवस आधी सगळे नकाशे ते मेक्सिकोच्या हद्दीकडे जाताना दाखवत होते. सोमवारी पहाटे ते आमच्या डोक्यावर. आठ दिवस घरात वीज नाही, आणि आई-बाबा साताऱ्याहून येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. ही कॉम्प्युटरची मॉडेलं भरवशाची आहेत का? युरोपियन मॉडेल अमेरिकनपेक्षा सरस म्हणतात, ते खरं का? एआयनं सगळं बदललं म्हणतात, त्याचं काय? शिवाय सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीचा हॉल रद्द करायचा झाला तर ७२ तास आधी कळवावं लागतं. तेव्हा नेमकं कशाकडे बघायचं?"

हॉलचा प्रश्न तुम्ही जाता जाता टाकलाय, पण माझ्या मते खरा प्रश्न तोच. "मॉडेल विश्वासार्ह आहे का" याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. किती तास आधी, आणि कशाबद्दल, हे दोन्ही सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

मी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मना हवामानाचा अंदाज देण्याचं काम करते. पुणे विद्यापीठात हवामानशास्त्र शिकले, २००३ साली इथे आले, तेव्हापासून जून ते नोव्हेंबर झोपेचं काही खरं नसतं. आमचं गिऱ्हाईक "वादळ येणार का?" असं कधीच विचारत नाही. ते विचारतं, "माणसं कधी उतरवू?" खोल समुद्रात खोदकाम करणारं जहाज असेल तर तळापर्यंत सोडलेले पाइप वर ओढून घेण्यातच दिवसचे दिवस जातात. मग शंभर-दीडशे माणसं हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर आणायची, आणि वारा एका मर्यादेपलीकडे गेला की हेलिकॉप्टर उडत नाही. म्हणजे त्याला उत्तर चार-पाच दिवस आधी हवं. तुम्हाला खिडक्यांवर प्लायवुड ठोकायला एक दिवस पुरतो. मॉडेल तेच, अंदाज तोच, पण तुमच्या कामाला तो चोख आणि त्याच्या कामाला कच्चा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मुंबई हायजवळ त्यात बुडालेल्या पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती. वादळाचे इशारे त्याआधी काही दिवसांपासून निघत होते. त्या बातम्या मी इथे बसून वाचल्या आणि दोन रात्री डोळा लागला नाही, कारण आमच्या धंद्यात ही भीती रोजची आहे: अंदाज बरोबर येतो आणि तरी उशीर होतो.

आता आकडे. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर, ज्याला इथे सगळे एनएचसी म्हणतात, दर हंगामानंतर स्वतःच्याच अंदाजांची तपासणी करून चुका जाहीर करतं. ही सवय मला फार आवडते. मार्गाच्या अंदाजात, म्हणजे वादळाचं केंद्र कुठे असेल या अंदाजात, अलीकडच्या वर्षांत सरासरी चूक साधारण अशी असते: २४ तास आधी ५० किलोमीटरच्या आसपास, ४८ तास आधी ८० ते ९०, तीन दिवस आधी १३० च्या घरात, पाच दिवस आधी अडीचशे-तीनशे. १९९० च्या आगेमागे तीन दिवसांच्या अंदाजातच ४००-५०० किलोमीटरची चूक व्हायची. म्हणजे आजचा पाच दिवसांचा अंदाज तेव्हाच्या तीन दिवसांच्या अंदाजापेक्षा चांगला आहे. मॉडेलांना नावं ठेवणाऱ्या माणसाला मी आधी हे सांगते.

पण ही सरासरी आहे, आणि अडीचशे किलोमीटर म्हणजे काय ते आपल्या नकाशावर लावून बघा. ब्राउन्सव्हिलपासून, म्हणजे मेक्सिकोच्या हद्दीपासून, बेरिल जिथे किनाऱ्याला लागलं त्या मॅटागोर्डापर्यंत सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरही नाहीत. चार जुलैला, आतषबाजीच्या दिवशी, अंदाज हद्दीच्या आसपासचा होता. आठ तारखेच्या पहाटे वादळ मॅटागोर्डाला. चूक सरासरीपेक्षा मोठी होती हे मान्य, पण चार दिवस आधीच्या अंदाजात अशी चूक होते. अघटित काही नव्हतं. शुक्रवार-शनिवारपासून रेषा रोज वर, तुमच्या दिशेनं सरकत होती. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी गुरुवारचा नकाशा बघून "आपल्याला नाही" असं ठरवलं आणि मग लाँग वीकेंडला नकाशा उघडलाच नाही. मॉडेल चुकलं असं मी म्हणणार नाही. मॉडेल बदलत होतं, आपण बघणं थांबवलं होतं.

ते बदलत का होतं? वादळ स्वतः फारसं चालत नाही, भोवतालची हवा त्याला वाहून नेते. अटलांटिकवर बर्म्युडाच्या बाजूला उच्च दाबाचा एक मोठा डोंगर असतो आणि त्याच्या कडेकडेनं वादळं सरकतात. त्या कडेला खिंड पडली, म्हणजे पश्चिमेकडून कमी दाबाची एखादी द्रोणी येऊन धडकली, की वादळ तिथून उत्तरेकडे वळतं. बेरिलच्या वेळी प्रश्न एवढाच होता की ही खिंड किती रुंद पडणार आणि वादळ तिच्यासमोर कधी पोहोचणार. सहा-आठ तासांचा फरक म्हणजे मेक्सिको किंवा ह्यूस्टन. त्यात वादळ युकातानची जमीन ओलांडून आलेलं, विस्कटलेलं. विस्कटलेलं वादळ खालच्या थरातल्या वाऱ्यांबरोबर पश्चिमेला जातं, उंच वाढलेलं वादळ वरच्या वाऱ्यांच्या हाती सापडतं. म्हणजे ताकदीच्या अंदाजात थोडी चूक झाली की मार्गही चुकतो. लोक या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, वादळ धरत नाही.

आणि एक साधी भूमिती आहे जी कुठलं ॲप सांगत नाही. वादळ किनाऱ्याला काटकोनात येत असेल तर मार्गात ३० किलोमीटरची चूक म्हणजे किनाऱ्यावरही ३० किलोमीटरच. पण ते किनाऱ्याला जवळजवळ समांतर सरकत असेल तर दोन-चार अंशांच्या फरकानं ते शंभर-दीडशे किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे लागतं. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा असाच आहे. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली वादळ टॅम्पाकडे निघालं होतं, रस्त्यात किंचित उजवीकडे कललं आणि पुंता गोर्डाला उद्ध्वस्त करून गेलं. पुंता गोर्डा इशाऱ्याच्या क्षेत्रात होतं, नकाशावर वादळाच्या संभाव्य वाटेचा जो शंकू काढतात त्याच्या आतही होतं. लोकांनी फक्त मधली काळी रेघ बघितली. अठरा वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२२ ला, इयन हुबेहूब तसंच आलं आणि कायो कोस्टा या त्याच बेटावर किनाऱ्याला लागलं. दोन-तीन दिवस आधी सगळ्यांच्या नजरा टॅम्पावर होत्या. फोर्ट मायर्स शंकूच्या दक्षिण कडेला. त्या परगण्यात घरं सोडण्याचा आदेश निघाला तो वादळाच्या आदल्या दिवशी सकाळी. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र दहा-पंधरा फूट चढला, आणि त्याच वेळी टॅम्पाच्या खाडीतलं पाणी वाऱ्यानं उलटं बाहेर ओढलं जाऊन तळ उघडा पडला होता. लोक त्या चिखलात उतरून फोटो काढत होते. एकाच वादळाच्या दोन बाजू.

आपल्याकडचं निसर्ग वादळ आठवा. ३ जून २०२०, इशारा अलिबागच्या आसपासचा, सगळे कॅमेरे मुंबईत वरळी सी फेसवर लावलेले. वादळ दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनकडे लागलं. मुंबईत संध्याकाळी विनोद फिरायला लागले आणि श्रीवर्धनला सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या. माझं आजोळ त्या बाजूचं आहे. मामानं फोन लागल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "मुंबईवर येणार होतं ना गं?" अंदाज तसा चांगला होता. शंभर किलोमीटरच्या आतली चूक वेधशाळेच्या हिशेबात लहान, पण बाग नेमकी त्यातच असली तर मामाला त्याचं काय?

तो शंकू म्हणजे काय हे एकदा नीट सांगते, कारण वीस वर्षांत मला भेटलेल्या दहातल्या आठ जणांना ते चुकीचं माहीत होतं. शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. पुढे पुढे तो रुंद होत जातो म्हणजे वादळ मोठं होतंय असंही नाही. मागच्या पाच वर्षांत एनएचसीच्या अंदाजात जेवढी चूक झाली, तिच्यावरून प्रत्येक वेळेसाठी एक वर्तुळ काढतात, असं की तीनातून दोन वेळा केंद्र त्या वर्तुळात सापडेल. ती वर्तुळं जोडली की शंकू. याचा सरळ अर्थ, तीनातून एकदा केंद्र त्याच्या बाहेर जातं, आणि ते ठरल्याप्रमाणेच होतं. शिवाय त्या हंगामातल्या सगळ्या वादळांना तोच शंकू, मग वादळ सरळमार्गी असो की चक्रम. पाऊस, वारा, समुद्राची उसळी यांचा त्यात हिशेब नाही. तुमचं घर शंकूच्या बाहेर आहे याचा अर्थ तुमच्याकडे काही होणार नाही असा कधीच घेऊ नका.

युरोपियन की अमेरिकन, हा वाद इथे क्रिकेटच्या सामन्यासारखा चालतो. त्याला कारण सँडी. २०१२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ईसीएमडब्ल्यूएफचं, म्हणजे युरोपीय देशांच्या सामाईक हवामान केंद्राचं मॉडेल आठवडाभर आधीपासून म्हणत होतं की हे वादळ समुद्राकडे न जाता डावीकडे वळून न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या बाजूला घुसेल. अटलांटिकमधलं वादळ उत्तरेला जाऊन डावीकडे वळतं हे ऐकून आम्हीही भुवया उंचावल्या होत्या. अमेरिकेचं जीएफएस ते समुद्रातच सोडत होतं. २९ ऑक्टोबरला सँडी न्यू जर्सीला धडकलं. त्यानंतर इथल्या संसदेनं हवामान खात्याच्या महासंगणकांसाठी पैसे दिले, त्यातून जीएफएस बरंच सुधारलं. २०१५ च्या होआकिन वादळात पुन्हा युरोपियननं ते समुद्रात राहील हे आधी ओळखलं, तेव्हा बाकीची बहुतेक मॉडेलं ते पूर्व किनाऱ्यावर आणत होती.

तर सरासरीत युरोपियन बरीच वर्षं पुढे होतं, हे खरं. पण एखाद्या वादळापुरतं त्यावर पैज लावायला मी तयार नाही, कारण प्रत्येक मॉडेलचा दिवस येतो. आम्ही काय करतो, तर सगळ्यांची सरासरी घेतो, आणि ही सरासरी वर्षाअखेर जवळजवळ प्रत्येक एकट्या मॉडेलला हरवते. ऐकायला गावठी उपाय वाटतो, पण वेगवेगळ्या मॉडेलांच्या चुका वेगवेगळ्या दिशेला असतात आणि एकमेकींना खातात. कोणतं मॉडेल कुठे आणि किती चुकतं हे शिकून त्याप्रमाणे प्रत्येकाला वजन द्यायची पद्धत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातले टी. एन. कृष्णमूर्ती यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी बसवली. जन्मानं मद्रासचे. मॉन्सून आणि हरिकेन, दोन्हींच्या अभ्यासकांना त्यांचं नाव सारखंच ओळखीचं.

दुसरी गोष्ट आम्ही बघतो ती म्हणजे एकाच मॉडेलची पन्नास भावंडं. समुद्रावरच्या हवेची आजची स्थिती आपल्याला पूर्ण माहीत नसते, मग तिच्यात थोडे थोडे फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपियनची अशी ५१ उत्तरं येतात, अमेरिकनची ३१. सगळ्या रेषा एका जुडीत असतील तर मी निर्धास्त फोन करते. त्या केरसुणीसारख्या फिसकटल्या असतील तर गिऱ्हाईकाला सरळ सांगते की आज मला कळत नाही, सहा तासांनी बोलू. अंदाज किती पक्का आहे हे त्या फिसकटण्यातूनच कळतं.

मार्गाची गोष्ट इथे संपली तर मी म्हटलं असतं की बरं चाललंय. ताकदीत मात्र अजून मार बसतो. आणि ताकद म्हटलं की माझ्यासमोर ओटिस येतं. २४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ एक साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं. अंदाज असा, की किनाऱ्याला लागताना ते फार तर हरिकेनच्या उंबरठ्यावर असेल. दुपारी विमान आत गेलं तेव्हा कळलं की उपग्रहावरून वाटतं त्यापेक्षा ते कितीतरी जोरदार झालंय. मध्यरात्रीनंतर, दिवस पुरता उलटायच्या आत, ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत आकापुल्कोवर आदळलं. एकाही भरवशाच्या मॉडेलनं हे दाखवलं नव्हतं. त्या रात्री माझी पाळी होती. आमचं एकही गिऱ्हाईक पॅसिफिकमध्ये नाही, तरी आम्ही तिघं पडद्यापुढे उभे होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं.

असं का होतं? जीएफएस हवेचे साधारण १३ किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतं. २००५ च्या विल्मा वादळाचा डोळा जेमतेम चार किलोमीटर रुंदीचा होता. म्हणजे अख्खा डोळा एका चौकोनात हरवला. वादळाचं इंजिन डोळ्याभोवतीच्या भिंतीत असतं, तिथल्या ढगांची उलथापालथ किलोमीटर-दोन किलोमीटरच्या मापानं चालते. ती जागतिक मॉडेलला दिसतच नाही. म्हणून वादळाबरोबर सरकणारं बारीक जाळं वापरणारी खास मॉडेलं केली. सध्याचं हाफ्स हे २०२३ पासून वापरात आहे, त्याचं आतलं जाळं दोन किलोमीटरचं. त्यानं फरक पडलाय. पण बारीक जाळ्यात भरायला बारीक माहितीही हवी. समुद्राचा नुसता पृष्ठभाग गरम आहे की खाली पन्नास-शंभर मीटरपर्यंत ऊब आहे, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत किती फरक आहे (तो जास्त असला की वादळाचं डोकं धडावरून सरकतं), मधल्या थरातून कोरडी हवा आत घुसतेय का. हे बघायला विमानं लागतात. बिलॉक्सीच्या हवाई तळावरून उडणारी हवाई दलाची आणि फ्लोरिडातल्या लेकलँडहून उडणारी नोआची, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेची विमानं वादळातून आरपार जातात आणि नळीएवढी यंत्रं खाली सोडतात. ती पॅराशूटवर लोंबकळत समुद्रापर्यंत उतरताना दाब, तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतात. अंदाज अचानक सुधारला की लोक मॉडेलचं कौतुक करतात, पण बऱ्याचदा त्याआधी एक विमान आत जाऊन आलेलं असतं. आपल्या अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात अशी विमानं नियमित उडत नाहीत, हे जाता जाता.

म्हणून माझा नियम: ताकदीचा अंदाज वाचताना मनातल्या मनात एक श्रेणी वाढवायची. त्यात कधी कधी उगाच घाबरायला होतं. चालतं.

आणि एवढं करूनही श्रेणी हा चुकीचा आकडा आहे. ती फक्त वाऱ्याची असते. माणसं पाण्यानं मरतात. हार्वी २५ ऑगस्ट २०१७ ला रॉकपोर्टला चौथ्या श्रेणीत लागलं, पण ह्यूस्टनला आठवतं ते नंतरचं. वादळ तिथेच रेंगाळलं, आणि मॉडेलांनी हे रेंगाळणं आधी दाखवलं होतं. ते किनाऱ्याला लागायच्या आधीच्या पत्रकांत काही ठिकाणी ३५ इंचांपर्यंत पाऊस लिहिला होता. माझ्या एका सहकाऱ्यानं आकडा टायपिंगची चूक समजून पुन्हा तपासला. शेवटी टेक्सासमधल्याच नेदरलँड नावाच्या गावी ६०.५८ इंच नोंदला गेला, म्हणजे १५३९ मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, ते ज्यांनी बघितलंय त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. हवामान खात्याला पावसाच्या नकाशात जांभळ्याच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या, कारण जुने रंग संपले.

हेलेन वादळाचं त्याहून वाईट वाटतं. २०२४ च्या सप्टेंबरात तिचा मार्ग इतका अचूक सांगितला गेला की आम्ही आपसात टाळ्या दिल्या. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरात प्रलयासारखा पूर येईल, असा इशाराही एक-दोन दिवस आधी स्पष्ट शब्दांत होता. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून काही शे किलोमीटर आत, ॲशव्हिलच्या दऱ्याखोऱ्यांत "हरिकेन" या शब्दाचा आपल्याशी संबंध आहे असं कुणाला वाटणार? अडीचशेच्या आसपास माणसं गेली. मॉडेलचं गुणपत्रक उत्तम, आणि तरी हे.

एआयबद्दल. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, आता मुरडत नाही. ही मॉडेलं हवेची समीकरणं सोडवत नाहीत. ईसीएमडब्ल्यूएफनं तयार केलेल्या गेल्या चाळीसेक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी वाचून "अशा स्थितीनंतर साधारण असं होतं" हे शिकतात. महासंगणकाला तास लागतात ते काम काही मिनिटांत. मार्गात ती सुरुवातीपासून चांगली होती, ताकदीत अगदीच मवाळ, कारण ज्या नोंदींवर शिकली त्यांचे चौकोनच मोठे, त्यात वादळाचं टोक बोथट झालेलं. गूगल डीपमाइंडनं २०२५ च्या हंगामासाठी जे मॉडेल आणलं ते जुन्या वादळांच्या खास नोंदींवरही शिकवलेलं होतं, आणि त्या हंगामात मार्गाच्या बाबतीत त्यानं जीएफएसला सपशेल मागे टाकलं. २८ ऑक्टोबरला मेलिसा जमैकावर पाचव्या श्रेणीत आदळलं, आणि ते झपाट्यानं बळावणार हे एनएचसीनं यावेळी काही दिवस आधीच ठासून सांगितलं होतं. ओटिसनंतर दोनच वर्षांनी. पण लक्षात ठेवा, या मॉडेलांना "आज हवा कशी आहे" हे जुन्या पद्धतीच्याच यंत्रणेकडून मिळतं, उपग्रह, फुगे, विमानं धरून. आणि कधीच न घडलेलं काही समोर आलं तर ती काय करतील, याबद्दल मी अजून जपून आहे. मी त्यांच्या रेषा सरासरीत घेते, आणि गेल्या हंगामापासून जरा जास्त वजन देऊन.

आता तुमच्या फोनबद्दल, भराभर. जीएफएस सोळा दिवसांपर्यंत नकाशे काढतं. दहाव्या दिवशीचं लालभडक भोवरा ह्यूस्टनवर बसलेलं चित्र व्हॉट्सॲपवर आलं की पुढे पाठवू नका. मे-जूनमध्ये पश्चिम कॅरिबियनमध्ये भुताचं वादळ उठवायची त्याला जुनी खोड आहे. जिथे वादळाचं केंद्रच अजून बनलेलं नाही, तिथल्या रेषांना मी हात लावत नाही. सुरुवात कुठून करायची हे मॉडेललाच माहीत नसतं. शेवयांसारख्या रंगीत रेषांच्या चित्रात एक्सटीआरपी नावाची रेघ दिसली तर ते मॉडेलच नाही. वादळ आत्ता जिकडे चाललंय तीच दिशा पट्टी ठेवून पुढे ओढलेली. तिच्यामुळे घाबरलेल्या लोकांचे मला फोन आलेत.

आणि चित्रावरची वेळ बघा. हे मी हात जोडून सांगते. १ ऑक्टोबर २०१५ ला एल फारो हे मालवाहू जहाज होआकिनमध्ये बुडालं, ३३ माणसं गेली. चौकशीत निघालेल्या अनेक कारणांपैकी एक हे, की कप्तान ज्या सॉफ्टवेअरवर वादळाची जागा बघत होता त्यातली माहिती काही तासांनी जुनी होती, एकदा तर जवळजवळ एकवीस तासांनी. चित्र छान, रंगीत, आणि कालचं. एनएचसीचं नवं पत्रक ह्यूस्टनच्या वेळेनुसार पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता येतं. दिवसातून दोनदा ते वाचलंत तर दर तासाला ॲप उघडायची गरज नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर सगळे पाच दिवस आधीच पळत सुटतील. २००५ साली कॅटरीनानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी रिटा आलं. ते ह्यूस्टनकडे येतंय म्हटल्यावर पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकदम रस्त्यावर. मी इथे नवी, गाडीत मैत्रीण, तिची दोन वर्षांची मुलगी आणि पोळ्यांचा डबा. एरवी दीड-दोन तासांवरच्या कॉलेज स्टेशन या गावाला पोहोचायला सोळा तास लागले. एसी बंद ठेवलेला, पेट्रोल वाचवायला. रस्त्याच्या कडेला गाड्या बंद पडलेल्या, म्हातारी माणसं सावली शोधत बसलेली. वादळ शेवटी पूर्वेला, लुइझियानाच्या हद्दीवर लागलं. टेक्सासमध्ये शंभराहून जास्त मृत्यू झाले आणि त्यातले बहुतेक त्या पळापळीतले. ज्यांच्या घरात समुद्राचं पाणी शिरणारच नव्हतं असे असंख्य लोक त्या रस्त्यावर होते. मीही होते.

शुगरलँड समुद्रापासून बरंच आत आहे, उसळीचं पाणी तुमच्याकडे येत नाही. तुमचे शत्रू दोन: पाऊस, आणि वीज जाणं. बेरिल तर पहिल्याच श्रेणीचं होतं, तरी वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि नंतरच्या उन्हाळ्यानं माणसं मेली. म्हणून तुमच्यासाठी वादळ मॅटागोर्डाला लागतंय की गॅल्व्हेस्टनला, यावर काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. आई-बाबांची औषधं किती दिवसांची आहेत, आणि वीज गेली तर एसी असलेलं दुसरं घर कुठलं, ऑस्टिनची बहीण की सॅन अँटोनिओचा मित्र, हे पाच दिवसांच्या नकाशात ह्यूस्टन नुसतं दिसलं की ठरवा. त्याला काही खर्च येत नाही. त्यांना प्रत्यक्ष न्यायचं असेल तर ४८ तास आधी, रस्ते मोकळे असताना.

हॉलचं म्हणाल, तर ७२ तास आधी मार्गाची सरासरी चूक १३० किलोमीटर. तेव्हा रेघ बघून ठरवूच नका, नाणं उडवल्यासारखं होईल. एनएचसीच्या पानावर वाऱ्याच्या शक्यतेचे नकाशे असतात, त्यात शुगरलँडला ताशी ३९ मैलांचा वारा येण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते, आणि तो लवकरात लवकर केव्हा सुरू होऊ शकतो याचा वेगळा नकाशा असतो. शक्यता दहा-पंधरा टक्के असेल तर मी हॉल ठेवला असता. तीसच्या वर आणि वाढत चालली असेल, तर डिपॉझिट परत घ्या, मूर्ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसवा आणि मोदकांची ऑर्डर निम्मी करा. मधल्या आकड्याला मंडळाच्या खजिनदाराला विचारा, कारण तिथून पुढे प्रश्न हवामानाचा राहत नाही.